ट्रान्सफर फी म्हणजे खेळाडूचा पगार नव्हे

2017 मध्ये फुटबॉलपटू नेमार बार्सिलोना क्लब सोडून पॅरिस सेंट जर्मेनकडे गेला, तेव्हा मोजले गेलेले 22 कोटी 20 लाख युरो त्याच्या खिशात गेले असे अनेकांना वाटते. ती रक्कम बार्सिलोनाला मिळाली. तिला ट्रान्सफर फी (करार मुदतीआधी सोडवून घेण्याची भरपाई) म्हणतात. नोकरी बदलताना उरलेल्या नोटीस पीरियडचे पैसे नवी कंपनी जुन्या कंपनीला देते, तसेच हे. पगार वेगळा ठरतो.

गोंधळाला थोडे कारणही आहे. स्पेनमध्ये करारात रिलीज क्लॉज (सुटकेची आधीच ठरलेली रक्कम) असतो आणि ती रक्कम कागदोपत्री खेळाडूच्याच नावाने भरली जाते.

करार संपला की मात्र फी उरतच नाही. 1995 च्या बोसमन खटल्यातील न्यायालयीन निकालाने युरोपीय संघात ही मोकळीक मिळाली. 2024 मध्ये एम्बापे असाच, फीविना, रेआल माद्रिदकडे गेला. म्हणूनच कराराचे शेवटचे वर्ष लागले की क्लब अस्वस्थ होतात: मुदतवाढ द्या, नाहीतर मिळेल त्या किमतीला विका. पगारवाढ मागायला खेळाडूला याहून सोयीची वेळ क्वचितच मिळते.