न दुखणाऱ्या आजाराचा आकडा

रक्तदाबाच्या इतिहासात मी शिरलो त्याचे कारण घरगुती आहे. माझे वडील शिंपी होते. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या दंडांची मापे घेतली. स्वतःच्या दंडाला मात्र कधी पट्टा बांधू दिला नाही. ‘काही दुखत नाही, मग मोजायचे कशाला?’ असे विचारत. अर्धांगवायूचा झटका आला तेव्हाच आकडा कळला. मी डॉक्टर नाही, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना.

मोजण्याची धडपड जुनी आहे. इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. घोडीला आडवी बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी घातली, तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त आठ फूट तीन इंच चढले. माणसासाठी ही रीत अर्थातच कामाची नव्हती. १८९६ मध्ये इटलीतील ट्युरिनच्या रिवा-रोच्ची यांनी दंडाला गुंडाळायचा, हवेने फुगणारा पट्टा पाऱ्याच्या नळीला जोडला. पट्ट्यासाठी त्यांनी चक्क सायकलची ट्यूब वापरली! मात्र मनगटाची नाडी चाचपून वरचाच आकडा मिळे. १९०५ मध्ये रशियन शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवला. हवा सोडताना धमनीतला ठोका ऐकू येऊ लागतो तो वरचा आकडा, विरतो तो खालचा.

माप हाती आले, अर्थ मात्र लागला नव्हता. धमन्या कडक झाल्या की रक्त ढकलायला जास्त दाब हवाच, असे कित्येक नामवंत डॉक्टर मानत. ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’ या नावातला ‘इसेन्शियल’, म्हणजे आवश्यक, हा शब्द त्याच समजुतीचा अवशेष.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे आकडे पाहा. १९३७ मध्ये १६२/९८, १९४१ मध्ये १८८/१०५. मार्च १९४४ मध्ये हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी तपासले तेव्हा १८६/१०८ आणि हृदय थकलेले. जनतेला मात्र प्रकृती ठीक असल्याचेच सांगितले जात होते. विश्रांती, कमी मीठ, डिजिटॅलिस यांपलीकडे फारसा उपायही नव्हता. १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांच्या डोक्यात मागच्या बाजूला भयंकर कळ आली. दाब ३००/१९०. मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले; वय ६३.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला फ्रॅमिंगहॅममध्ये सापडले. बोस्टनजवळच्या या गावात १९४८ पासून ५,२०९ स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली. काहीही दुखत नसलेल्या, पण आकडा चढा असलेल्या माणसांनाच पुढे हृदयविकार आणि पक्षाघात अधिक होतो, हे त्यातून दिसले. धमनीची भिंत जाड होते, मूत्रपिंडे झिजतात, आणि यातले काही दुखत नाही. पुढे १९६७ आणि १९७० मध्ये अमेरिकी माजी सैनिकांवरील चाचण्यांनी औषधांनी दाब उतरवला की पक्षाघात टळतात, हेही दाखवले.

एक गोष्ट वडिलांना लगेच पटली असती. जाड दंडाला तोकडा पट्टा बांधला तर आकडा खोटाच चढतो. कापड अंगाच्या मापाचे हवे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर असावा आणि बोलू नये. एका मोजणीवर विसंबूही नये.

आई आता ऐंशीची आहे. पट्टा फुगू लागला की तिला नेमकी शेजारणीच्या सुनेची आठवण येते. मग मी वहीतला आकडा खोडतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजतो.