जीवनसत्त्व 'अ'पासूनचे औषध आणि रक्ताचा कर्करोग

रक्ताचा कर्करोग म्हटले की घरातली माणसे आशाच सोडतात. पण त्याचे सगळे प्रकार सारखे नसतात. 'अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया' हा प्रकार पूर्वी फार झपाट्याने जीव घ्यायचा. आज वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. हा बदल घडवला जीवनसत्त्व 'अ'पासून बनलेल्या ट्रेटिनॉइन या औषधाने.

रक्तपेशी हाडांच्या मगजात तयार होतात. तिथे पांढरी पेशी लहानाची मोठी होते, रक्तात येऊन काम करते आणि थोड्याच दिवसांत मरते. तिची जागा नवी पेशी घेते. पेशीला 'मोठी हो' हा निरोप पोचवण्यात जीवनसत्त्व 'अ'चा वाटा असतो. या आजारात १५व्या आणि १७व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते व एक विकृत प्रथिन तयार होते. ते हा निरोप अडवते. पेशी कोवळ्याच राहतात, वेळेवर मरत नाहीत आणि मगज भरून टाकतात.

ट्रेटिनॉइनची मोठी मात्रा दिली की ही अडवणूक सुटते, विकृत प्रथिन नष्ट होते. पेशी पिकतात आणि मग आपोआप मरतात. १९८८ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतल्या २३ जणांचा आजार या एकाच औषधाने आटोक्यात आला. पुढे जोडीला सोमलापासूनचे औषध, आर्सेनिक ट्रायऑक्साइड आले, आणि रोग उलटण्याचे प्रमाण खूप घटले.

म्हणून गाजर किंवा अंगणवाडीतला 'अ' जीवनसत्त्वाचा डोस यांनी कर्करोग बरा होत नाही. जास्त डोस घेतल्यास यकृताला इजा होते. ट्रेटिनॉइनही दवाखान्यातच, देखरेखीखाली घ्यायचे. ताप, दम लागणे, अंगावर सूज आली तर लगेच सांगायचे. गरोदरपणात त्याने बाळाला व्यंग येऊ शकते, म्हणून दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे.

या आजारात सुरुवातीच्या दिवसांतला रक्तस्राव सर्वांत घातक. वारंवार घोळणा फुटणे, हिरड्यांतून रक्त, मार न लागता काळेनिळे डाग, पाळीत अति रक्त जाणे, सोबत ताप व थकवा दिसला तर 'उष्णता झाली', 'नजर लागली' म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन सीबीसी तपासणी करून घ्या. निदान झाले तर योजनेतल्या मदतीसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.