आंबणे वेगळे, नासणे वेगळे

दुधाला विरजण लावले की दही होते आणि तेच दूध उघड्यावर तसेच राहिले की नासते. दोन्ही ठिकाणी काम सूक्ष्मजीवांचेच. तरीही घरातली माणसे वास घेऊन, थेंबभर जिभेवर ठेवून पटकन सांगतात, हे खायचे आणि ते टाकायचे. बेल्जियममध्ये ब्रसेल्स शहरात आणि त्याच्या जवळच्या खेड्यांत आंबट बिअर बनवणाऱ्या कारागिरांपुढेही हाच प्रश्न असतो. फरक एवढाच, की त्यांच्यासमोर भांडे नसून ओक लाकडाची कित्येक पिंपे असतात आणि त्यांतली काही तीन-तीन वर्षे मुरत पडलेली असतात. कोणते पिंप बाटलीत भरायचे, कोणते आणखी थांबवायचे आणि कोणते गटारात ओतायचे, हे शेवटी नाक आणि जीभच ठरवतात. एक खराब पिंप चुकून मिसळले गेले, तर बाकीच्या चांगल्या पिंपांची वर्षेही वाया जातात.

हवेतून येणारे विरजण

या बिअरला ‘लाम्बिक’ म्हणतात. नेहमीच्या बिअरमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेले यीस्ट मोजून घालतात. लाम्बिकमध्ये बाहेरचे यीस्ट घालतच नाहीत. मोड आणून वाळवलेले सातू आणि कच्चा गहू यांचा गोड काढा तासन्‌तास उकळतात आणि थंडीच्या दिवसांत रात्रभर उथळ, उघड्या हौदात निवत ठेवतात. हवेतले आणि वास्तूतले सूक्ष्मजीव त्यात उतरतात. सकाळी तो काढा लाकडी पिंपांत भरला जातो. कडवटपणासाठी वापरले जाणारे हॉप्स इथे मुद्दाम दोन-तीन वर्षे जुने घेतात. त्यांचा कडवटपणा कमी झालेला असतो, पण नको असलेल्या जिवाणूंना रोखण्याचा गुण टिकून असतो.

पुढे पिंपात सूक्ष्मजीवांच्या पाळ्या लागतात. पहिल्या महिनाभरात आतड्यात आढळणाऱ्या जिवाणूंच्या कुळातले, म्हणजे एंटेरोबॅक्टर गटाचे जिवाणू माजतात. आम्लता आणि अल्कोहोल वाढू लागले की ते मरतात. मग नेहमीचे यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते. त्यानंतर पेडिओकॉकस हा जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतो आणि शेवटी ब्रेटॅनोमायसिस हे संथ यीस्ट महिनोन्‌महिने उरलेली कामे उरकत राहते. २०१४ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी पारंपरिक लाम्बिकमधील सूक्ष्मजीवांची आधुनिक तंत्राने ओळख पटवली, तेव्हा साधारण हीच क्रमवारी दिसली.

ब्रेटॅनोमायसिसचा शोध १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एन. यल्ट क्लॉसेन यांनी जाहीर केला. तो त्यांना साठवलेल्या इंग्लिश बिअरमध्ये सापडला, म्हणून नाव पडले ‘ब्रिटिश बुरशी’. वाईन बनवणारे बहुतेक जण या यीस्टला शत्रू मानतात. लाम्बिकचे मात्र त्याच्यावाचून चालत नाही. सूक्ष्मजीव एकच, पण एकीकडे तो दोष ठरतो आणि दुसरीकडे गुण. त्यामुळे ‘कोणता जिवाणू आहे’ एवढ्या उत्तराने पारख होत नाही. किती, केव्हा आणि कशासोबत, हेही पाहावे लागते.

आंबटपणाचे दोन स्वभाव

पहिली पारख आंबटपणाची. या बिअरमध्ये मुख्यतः दोन आम्ले असतात. लॅक्टिक आम्ल दह्या-ताकातले. त्याचा आंबटपणा गोलसर असतो, जिभेवर पसरतो आणि त्याला फारसा वास नसतो. अ‍ॅसिटिक आम्ल शिरक्यातले. ते नाकात आधी झोंबते आणि घशाशी टोचते. माडाची सूर उघडी राहिली की तिचा शिरका होतो, ते काम अ‍ॅसिटोबॅक्टरसारख्या जिवाणूंचे आणि त्यांना हवा लागते. लाकडी पिंपातून अगदी थोडी हवा आत झिरपते. तेवढी मुरण्याला उपकारक असते. फळीला फट पडली किंवा पिंप अर्धवट रिकामे राहिले की अ‍ॅसिटिक आम्ल वाढते आणि त्यापासून इथाइल अ‍ॅसिटेट बनते. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला, की पारखी ते पिंप बाजूला काढतो.

हवा लागू नये म्हणून नमुना काढण्याचीही युक्ती आहे. कॅलिफोर्नियातील रशियन रिव्हर ब्रुअरीचे विनी सिलर्झो यांनी ती लोकप्रिय केली. पिंपाच्या सपाट तोंडाला बारीक भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा ठोकून ठेवायचा. चव घ्यायची वेळ आली की खिळा उपसायचा, धार ग्लासात घ्यायची आणि खिळा परत बसवायचा. वरचे बूच उघडावे लागत नाही आणि द्रवावर धरलेली साय मोडत नाही.

आंबट चव जिभेला कळते ती आम्लातल्या हायड्रोजन आयनांमुळे. हे आयन चवपेशीत शिरण्याचे दार म्हणजे ओटॉप-१ नावाचे प्रथिन, हे २०१८-१९ मधील संशोधनातून स्पष्ट झाले. पण केवळ पीएच मोजून आंबटपणाचा पूर्ण अंदाज येत नाही. एकाच पीएचच्या दोन बिअरमध्ये एकूण आम्लाचे प्रमाण वेगळे असू शकते आणि ज्यात ते जास्त, ती अधिक आंबट लागते. उरलेला गोडवा, बुडबुडे आणि लाकडातला तुरटपणाही चव बदलतात. म्हणूनच यंत्र असले तरी जीभ लागतेच.

तबेला चालतो, उंदीर नाही

वासाची यादी वाचून नवखा माणूस चक्रावेल. ब्रेटॅनोमायसिसमुळे येणारा तबेल्याचा, घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा मंद वास या बिअरमध्ये गुण मानतात. तोच वाढून औषधी चिकटपट्टीसारखा झाला की दोष. कुबट चीजचा वास जुन्या हॉप्समधून येऊ शकतो. ओकारीची आठवण करून देणारा ब्युटिरिक आम्लाचा वास मात्र कोणालाच नको असतो.

काही दोष तात्पुरते असतात. दह्याला कधी तार सुटते, तशी पेडिओकॉकसमुळे बिअरही तेलकट, चिकट होते. कारागीर अशा पिंपाला ‘आजारी’ म्हणतात, पण फेकत नाहीत. काही महिन्यांत ब्रेटॅनोमायसिस तो चिकटपणा मोडून काढते. लोण्यासारखा वास देणारे डायअ‍ॅसिटिलही असेच कमी होते. उलट, शिरका झालेले पिंप थांबून सुधारत नाही. बरा होणारा दोष आणि न होणारा दोष यांतला फरक ओळखणे हीच या कामातली खरी विद्या.

सर्वांत फसवा दोष उंदराच्या पिंजऱ्यासारख्या वासाचा. तो ग्लासात नाक घातले तरी येत नाही. त्याला कारणीभूत असलेली संयुगे आम्लात दबून राहतात. घोट गिळल्यावर लाळेमुळे तोंडातले आम्ल सौम्य होते, संयुगे मोकळी होऊन घशातून नाकाकडे चढतात आणि काही सेकंदांनी चव बिघडते. काही लोकांना तर हा वास कळतच नाही. म्हणून पारखी घोटानंतर लगेच मत देत नाही, थोडा थांबतो आणि शक्यतो एकटा निर्णय घेत नाही.

जिभेवर किती भरवसा?

जीभ सहज फसते. फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठात वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना वास न येणारा लाल रंग घातलेली पांढरी वाईन दिली गेली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने डोळा नाकाला कसा हाकतो ते दाखवले. उपाय साधे आहेत. पिंपाचे वय आणि नाव झाकायचे, ग्लासांना आकडे द्यायचे, सौम्य नमुना आधी आणि तीव्र नंतर घ्यायचा, मध्ये पाणी आणि साधा पाव घ्यायचा आणि चर्चा करण्याआधी प्रत्येकाने आपले मत लिहून काढायचे. शंका असेल तर तीन ग्लास ठेवायचे, दोन एकसारखे आणि एक वेगळा. वेगळा ओळखता आला नाही, तर फरकाचा दावा सोडून द्यायचा.

अमेरिकेतील बिअर परीक्षकांच्या प्रसिद्ध गुणपत्रिकेत ५० पैकी १२ गुण वासाला, ३ दिसण्याला, २० चवीला, ५ तोंडातल्या स्पर्शाला आणि १० एकूण परिणामाला असतात. जास्त आंबट म्हणून जास्त गुण, असा रकाना त्यात नाही. ‘ग्यूझ’ ही बिअर बनवताना एक, दोन आणि तीन वर्षांची लाम्बिक एकत्र करतात, तेही समतोलासाठीच. तरुण बिअरमधली उरलेली साखर बाटलीत फेस आणते आणि जुनी बिअर खोली देते.

जे नाकाला कळत नाही

आरोग्याच्या दृष्टीने मात्र या कलेची मर्यादा ओळखली पाहिजे. नाक-जीभ दर्जा सांगतात, सुरक्षितता नाही. आंबवताना काही जिवाणू टायरामिन आणि हिस्टामिन ही संयुगे तयार करतात. आपोआप आंबलेल्या बिअरमध्ये त्यांचे प्रमाण जास्त असू शकते आणि ती वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाहीत. नैराश्यावरील एमएओ-रोधक गटाची औषधे घेणाऱ्यांचा रक्तदाब टायरामिनमुळे धोकादायक रीतीने वाढू शकतो. हिस्टामिन सहन न होणाऱ्यांना डोकेदुखी किंवा अंगावर लाली येऊ शकते. काही कारागीर काढ्याची आम्लता सुरुवातीलाच वाढवून पहिल्या पाळीतल्या जिवाणूंना आवर घालतात, ते याच कारणासाठी.

दातांचाही प्रश्न आहे. दातांवरचे कवच साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते. या बिअरचा पीएच ३.५ च्या आसपास असतो. दिवसभर नमुने चाखणाऱ्यांनी पाण्याने चूळ भरावी आणि लगेच ब्रश करू नये. बाटलीत जिवंत यीस्ट असते म्हणून ही बिअर ‘पोटाला चांगली’ असा समजही करून घेऊ नये. तिच्यात साधारण ५ ते ६ टक्के अल्कोहोल असते. अल्कोहोलयुक्त पेये कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच म्हटले आहे आणि मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ मधील भूमिका आहे. ताकातले लॅक्टिक आम्ल हवे असेल, तर ताकच प्यावे.

ही मर्यादा आपल्या स्वयंपाकघरालाही लागू आहे. बांगडा किंवा कुपा यांसारखा मासा बर्फाविना राहिला, तर त्यात हिस्टामिन साठते. मासा दिसायला आणि वासाला ठीक असू शकतो आणि शिजवल्यानेही हिस्टामिन नष्ट होत नाही. वास वाईट आला तर पदार्थ टाकावा, हे बरोबरच. पण वास चांगला आहे म्हणून पदार्थ सुरक्षित आहे, असे होत नाही. तिथे तो किती वेळ आणि किती थंड ठेवला होता, हेच विचारावे लागते.