नवी रॅम दोषी कशावरून?

लॅपटॉपमध्ये घरच्या घरी नवी रॅम बसवली आणि दुसऱ्या दिवसापासून तो मधूनच बंद पडू लागला, निळी स्क्रीन दिसू लागली, की संशय लगेच नव्या स्टिकवर जातो. अंदाज साहजिक असला तरी पुरावा म्हणून तो लंगडा आहे. मागचे झाकण उघडले त्या अर्ध्या तासात एकच गोष्ट बदललेली नसते. जुनी स्टिक हललेली असते, बॅटरीचा कनेक्टर काढून परत लावलेला असतो, कीबोर्डच्या चपट्या केबलला धक्का लागलेला असतो, एखादा लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात गेलेला असतो. म्हणून तपासाची सुरुवात दुकानाकडे धाव घेऊन नव्हे, तर लॅपटॉप होता तसा करून व्हायला हवी. नवी स्टिक काढून ठेवावी, जुनी तिच्या मूळ स्लॉटमध्ये नीट बसवावी. एवढ्यावरही बिघाड कायम राहिला, तर त्याचे मूळ नव्या स्टिकबाहेर आहे हे निश्चित होते.

यात ‘नीट बसवावी’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. लॅपटॉपच्या डीडीआर४ स्टिकच्या कडेला दोन्ही बाजू मिळून २६० सोनेरी पिना असतात, एकमेकींपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर. स्टिक तिरकी धरून स्लॉटमध्ये पूर्ण आत सारायची आणि मग खाली दाबायची, म्हणजे दोन्हीकडच्या क्लिपा कट्कन लागतात. सोनेरी कड एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी दिसत असेल, तर क्लिपा लागूनही स्टिक वाकडीच बसलेली आहे. अशी स्टिक एका वेळी ६४ बिट माहिती पाठवते. त्यातल्या एका बिटाची पिन अर्धवट टेकली तरी चुका होतात, आणि मशीन तापल्यावर धातू किंचित सरकला की त्या चुका कधी होतात, कधी होत नाहीत. (रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ काळी राहू शकते. प्रोसेसर तेव्हा नव्या रॅमशी वेळेचा मेळ बसवत असतो. घाबरून बटण दाबू नये.)

पूर्ववत केल्यावर सगळे सुरळीत चालले, तरी नवी स्टिक दोषी ठरत नाही. दुसरा स्लॉटही तितकाच संशयित आहे. दोन स्टिक आणि दोन स्लॉट असतील, तर एका वेळी एकच स्टिक लावून चार चाचण्या होतात. चुका स्टिकबरोबर फिरल्या तर स्टिक खराब, आणि कोणतीही स्टिक लावली तरी एकाच स्लॉटमध्ये आल्या तर स्लॉट खराब. प्रत्येक वेळी मेमटेस्टसारखी चाचणी अनेक फेऱ्या चालू द्यावी, कारण एका फेरीत चूक सापडली नाही म्हणजे चूक नाही असे होत नाही.

एवढा खटाटोप कशाला, सरळ स्टिक बदलून घ्यावी, असे कोणी म्हणेल. पण दोष स्लॉटचा असेल, तर बदलून आलेली स्टिकही तशीच वागणार आणि मधले दिवस वाया जाणार. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नवी स्टिक पहिला दिवस व्यवस्थित चालली, मग बसवताना काही बिघडले असे कसे म्हणता? उत्तर स्थिर विजेत आहे. साधारण ३,००० व्होल्टच्या खालचा झटका माणसाला जाणवतही नाही, पण चिपला त्याहून कितीतरी कमी व्होल्टेज पुरते, आणि अशी इजा कधीकधी उशिरा उघडी पडते. म्हणूनच स्टिक कडेने धरावी, पिनांना बोट लावू नये आणि आधी बॅटरी सोडवावी.

राहता राहिली एक शक्यता. चारही चाचण्या निर्दोष येतात, पण दोन्ही स्टिक एकत्र लावल्या की बिघाड परत येतो. वेग वेगळे असतील तर दोघींनाही सहसा कमी वेगावर चालावे लागते आणि सगळ्याच जोड्यांचे तिथे जमत नाही. अशा वेळी नवी स्टिक शाबूत असते आणि जुनीही. बायोस अपडेट करून पाहावे, नाहीतर एकाच मॉडेलची जोडी घ्यावी.