भांगेच्या बियांचा अर्ज

गेल्या वर्षीं आमची नात मेलबर्नहून आली, तेव्हां तिनें न्याहारीसाठीं म्हणून एक पुडकें आणिलें होतें. आंत पांढुरके, मऊ, तिळाहून थोडे मोठे दाणे. वरील 'हेम्प' हें नांव वाचून "ही तर आपली भांग!" असें मीं म्हणतांच सौभाग्यवतीनें तें पुडकें उचलून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेविलें. "घरांत देव आहेत," एवढेंच ती म्हणाली. तिचें समाधान करावें म्हणून मी या बियांची हकीकत शोधूं लागलों. ती हकीकत अशी.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या दोन देशांचे बहुतेक अन्नविषयक नियम सामाईक आहेत. ते ठरविण्याचें काम 'फूड स्टँडर्ड्स ऑस्ट्रेलिया न्यूझीलंड' ही संस्था १९९१ च्या कायद्यान्वयें करते. नियम बदलावा असा अर्ज कोणासही करतां येतो. मग तो कारखानदार असो वा साधा नागरिक. पहिले पंधरा कामाचे दिवस अर्ज पुरा आहे कीं नाहीं, एवढेंच पाहण्यांत जातात. त्यानंतर खरी परीक्षा. कायद्यानें तीन हेतु क्रमानें सांगितले आहेत: लोकांचें आरोग्य, गिऱ्हाइकास पुरेशी माहिती आणि फसवणुकीस आळा. म्हणून अधिकारी प्रथम विचारतात कीं, पदार्थांत अपायकारक काय आहे व तें किती मात्रेनें बाधतें; मग लोक, विशेषतः मुलें आणि भरपूर खाणारे, तें किती खातील, याचा हिशेब मांडून दोहोंची तुलना करतात. मसुदा प्रसिद्ध करून लोकांचीं मतें मागवितात. संस्थेनें मान्यता दिली तरी मंत्र्यांना फेरविचारास सांगण्यासाठीं साठ दिवस असतात.

भांगेचें घोडें अडलें तें या शेवटच्या दारांत.

आपल्याकडे भांग हें मुळांत एक पीकच होतें. पाणिनीनें शेतांचीं नांवें कशीं साधावीं हें सांगतांना तीळ, उडीद व जवस यांच्याच पंक्तीस भांग बसविली आहे, हें संस्कृत शिकविलेल्या माणसास आठवल्यावांचून राहत नाहीं. कुमाऊंत तर भाजलेल्या बियांची चटणी पूर्वापार खातात. कैफ असतो तो फुलांत व पानांत. बियांच्या टरफलास त्याचा लेश चिकटून येतो, इतकेंच.

संस्था अनुकूल असतांही मंत्र्यांनीं २००२ मध्यें पहिला अर्ज फेटाळला. दुसरा २००९ मध्यें आला; २०१२ मध्यें संस्थेनें मान्यता दिली, मंत्र्यांनीं फेरविचारास परत पाठविली आणि जानेवारी २०१५ मध्यें नाकारली. बीं विषारी आहे असें यांत कोणाचेंच म्हणणें नव्हतें. भय निराळें होतें. गांजा निरुपद्रवी आहे असा लोकांचा ग्रह होईल. आणि रस्त्यावर पोलीस वाहनचालकाची लाळ तपासतात, तींत हे दाणे खाणारा निरपराध मनुष्य सांपडेल. ही दुसरी शंका मला मुळींच हास्यास्पद वाटत नाहीं. परंतु ती होती, तर प्रयोग करून आधींच कां पाहिली नाहीं? विद्यार्थ्यानें एका प्रश्नाचें उत्तर बरोबर लिहावें आणि परीक्षकानें दुसऱ्याच प्रश्नाचे गुण कापावे, त्यांतलाच हा प्रकार. पुढें त्या शंकांची तपासणी झाली, २८ एप्रिल २०१७ रोजीं मंत्र्यांनीं संमति दिली व १२ नोव्हेंबर २०१७ पासून हीं बियां अन्न म्हणून कायदेशीर ठरलीं.

तीही मोकाट नव्हे. बीं सोललेलें आणि रुजणार नाहीं असें हवें. एका किलोंत मादक द्रव्य पांच मिलिग्रॅमपेक्षां अधिक नको. वेष्टनावर पानाचें चित्र नको. आपल्या देशांतही अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०२१ मध्यें बियांपुरती अशीच पांच मिलिग्रॅमची मर्यादा घालून परवानगी दिली.

सौभाग्यवतीनें हें सर्व शांतपणें ऐकून घेतलें. "एका वेळीं किती चमचे खायचे?" एवढाच प्रश्न तिनें नातीला विचारला. पुडकें उंबऱ्याच्या आंत आलें; मात्र नैवेद्याच्या सामानापासून दूर, चहाच्या डब्याशेजारीं.