किलिमांजारोसाठी रात्री मोजाव्यात

टांझानियाला जायचं ठरलं की घरात हमखास दोन तट पडतात. सह्याद्रीतले गड पालथे घालणाऱ्यांना किलिमांजारो खुणावतो, बाकीच्यांना सेरेंगेटीतले सिंह. मग वाद गुडघ्यांवर येतो: ज्याचे धड त्याने डोंगर चढावा, ज्याचे कुरकुरतात त्याने जीपमध्ये बसावं. ही वाटणी सोयीची असली तरी चुकीच्या गोष्टीवर बेतलेली आहे. आधी पाहायला हवी ती हातातली रजा.

किलिमांजारोची उंची 5,895 मीटर. नेहमीच्या वाटांवर दोर लावावा लागत नाही, नुसतं चालत माथा गाठता येतो. आणि माणूस फसतो तो इथेच. आपलं कळसूबाई 1,646 मीटरवर संपतं. मरांगू वाटेचं प्रवेशद्वारच त्याहून उंचावर आहे. या वाटेवर मुक्कामाला लाकडी झोपड्या आहेत, म्हणून ती सोपी समजली जाते. पण मुक्कामांच्या उंच्या पाहा: पहिली रात्र साधारण 2,700 मीटरवर, दुसरी 3,700, तिसरी 4,700. म्हणजे रात्रीमागे हजार मीटरची उडी. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय सल्ला असतो. इथे त्याच्या दुप्पट वाढते, आणि तिसऱ्या रात्री पुरती झोपही मिळत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास कपाळाला दिवा बांधून सुट्या मुरमाच्या उतारावर निघायचं, दोन पावलं चढलं की एक घसरायचं, आणि पाण्याच्या पिशवीची नळी गोठलेली. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा.

यावर कसलेला ट्रेकर म्हणेल, माझा दमसास चांगला आहे, पाच दिवस पुरेत. पण उंचीचा आजार दमसास पाहून येत नाही. विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात आणि व्यायामाने ते दिवस वाचत नाहीत. उलट तंदुरुस्त माणूस झपाझप चढतो, डोकेदुखी आणि मळमळ अंगावर काढतो, आणि दुखणं फुप्फुसांपर्यंत किंवा मेंदूपर्यंत गेलं की जिवावर बेततं. वाटाडे सारखं ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, म्हणत असतात ते उगाच नाही. लेमोशोसारख्या सात-आठ दिवसांच्या वाटेवर दिवसा 4,600 मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढून झोपायला चार हजारांच्या खाली उतरतात. शरीराला सवय लागते ती अशी. उद्यानाचं शुल्क दिवसावर असल्याने छोटा ट्रेक स्वस्त पडतो खरा, पण काटकसर करायची ही जागा नव्हे.

सेरेंगेटीच्या गवताळ रानाला मात्र चार दिवसही पुरतात. पण ‘आरामाची सहल’ हे वर्णन पाठदुखीवाल्यांनी जपूनच ऐकावं: तासन्‌तास खडबडीत रस्ते, नाकातोंडात धूळ, आणि ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून पाय खाली ठेवायची मनाई. नुसतं बसून काय पाहायचं, हा आक्षेप मात्र टिकत नाही. नुकतं जन्मलेलं विल्डबीस्टचं पिल्लू काही मिनिटांत लटपटत उभं राहतं आणि कळपाबरोबर पळू लागतं. उघड्या माळावर तरस हिंडत असतं, म्हणून पिल्लाला थांबायला सवडच नसते. हे दिसतं फेब्रुवारीच्या आसपास, दक्षिणेला न्दुतूकडे. ऑगस्टमध्ये तिथे गेलात तर बहुतेक कळप उत्तरेला, मारा नदीकडे. सेरेंगेटी 14,763 चौरस किलोमीटरची आहे. कोपरा चुकला तर लाखोंचे कळप सोडून गवतच बघावं लागतं. डोंगर किती रात्री विचारतो, रान कोणता महिना.

दोन्ही का नकोत? दोन आठवडे असतील तर खुशाल, पण डोंगर आधी. दुखऱ्या पायांना नंतर जीप बरी वाटते. आधी गोरोंगोरो विवराच्या काठावर राहून उंचीची सवय करू, हा बेत फारसा कामाचा नाही, कारण तो काठ साधारण 2,300 मीटरवर आहे आणि मरांगूची पहिली झोपडीच त्याहून वर. आपली खरी अडचण शाळांच्या सुट्ट्यांची. मार्च ते मे तिथला मोठा पावसाळा. मे महिन्याच्या सुट्टीत डोंगराच्या पायथ्याच्या जंगलात चिखल आणि वर बर्फ. तेव्हा मुलांना घेऊन निघणाऱ्यांनी भिजलेल्या रस्त्यांची तयारी ठेवून हिरवंगार सेरेंगेटी निवडावं, आणि किलिमांजारो जानेवारी-फेब्रुवारीत किंवा जुलैनंतर आठ-दहा दिवसांची सलग रजा मिळेल त्या वर्षासाठी ठेवावा.