एका घरातली नऊ गाणी

वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रित केलेले वाद्यांचे आणि गळ्याचे आवाज योग्य प्रमाणात एकत्र आणण्याच्या कामाला मिक्सिंग म्हणजेच ध्वनिमिश्रण म्हणतात, आणि हे काम एका गाण्यापुरते असते तोवर त्या गाण्याची गरज हीच त्याची कसोटी असते. मात्र तीच गाणी अल्बममध्ये एकापाठोपाठ येतात तेव्हा प्रत्येकाचा चेहरा निराळा राहून सारी एका घरातली वाटावीत, अशी दुहेरी अपेक्षा निर्माण होते.

लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक स्टुडिओत घडलेला मायकल जॅक्सन यांचा ‘थ्रिलर’ (१९८२) हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा अल्बम आहे. क्विन्सी जोन्स त्याचे निर्माते होते आणि ध्वनियोजना ब्रूस स्वीडिन यांची होती. एडी व्हॅन हेलन यांच्या गिटारने पेटलेले ‘बीट इट’ आणि हळुवार ‘ह्युमन नेचर’ यांच्यावर एकच साचा लादला असता तर दोन्ही गाणी निस्तेज झाली असती, आणि तो मोह स्वीडिन यांनी टाळला हेच त्यांचे मोठेपण होय. जॅक्सन यांच्या गळ्यासाठी त्यांनी शुअर एसएम७ या मायक्रोफोनवर भिस्त ठेवली, पण ‘बिली जीन’मधल्या काही ओळी मात्र पुठ्ठ्याच्या लांब नळीतून गाऊन घेतल्या. याच गाण्यासाठी ड्रमखाली प्लायवूडचा खास चौथरा आला, किक ड्रमवर खोळ चढली, आणि स्नेअर व हाय-हॅट यांचे आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये लाकडी फळी बसवली गेली. म्हणूनच या गाण्याचा ठेका पहिल्या काही ठोक्यांतच ओळखू येतो. स्वीडिन यांनी सांगितल्याप्रमाणे या गाण्याची ९१ मिश्रणे झाली आणि अखेरीस त्यांतले दुसऱ्या क्रमांकाचेच निवडले गेले.

अल्बमची खरी परीक्षा मात्र तबकडीवर झाली. तबकडीच्या एका बाजूवर गाण्यांची लांबी वाढली की खाचा दाटीने कोराव्या लागतात, त्यामुळे आवाजाची पातळी आणि खर्ज दोन्ही कमी करावे लागतात. ‘थ्रिलर’च्या दोन्ही बाजू अशाच लांबल्यामुळे अल्बम अशक्त ऐकू आला. तेव्हा ‘द लेडी इन माय लाइफ’चे एक कडवे गाळण्यात आले आणि दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर रोज एक गाणे या हिशेबाने सारी मिश्रणे नव्याने करण्यात आली. रोज एकाच गाण्याला पूर्ण कान देता आला आणि कानही तेच राहिले, यामुळे वेगळेपण आणि एकसंधपणा दोन्ही साधले, असे मानायला जागा आहे. शिवाय तबकडीच्या मध्याकडे जाताना सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग घटतो आणि तीव्र, उंच स्वर तिथे फाटू लागतात. दुसऱ्या बाजूच्या त्या शेवटच्या, अवघड जागी ‘द लेडी इन माय लाइफ’ हेच संथ, मऊ गाणे आहे.